हाक सापडत नाही

"...आणि माझ्या नावानं उघडलं तर काही येत नाही. पोरींच्या नावानं उघडलं की येतं. मग दोष कुणाचा म्हणायचा, अप्पा?"

अप्पा मठाच्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. एक चिंच घ्यायची, चिंचोका बाजूला, गर टोपलीत. मग दुसरी घ्यायची.

मन्मथ पायरीखाली उन्हात उभा होता. सकाळपासून त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

हा मठ मांजरा नदीच्या काठी आहे. अप्पा तिथले स्वामी. मठात रोज दासोह चालतो, म्हणजे येईल त्याला जेवण. आणि आसपासच्या गावांतल्या मुलींसाठी कॉम्प्युटरची एक खोली आहे. ती खोली मन्मथ सांभाळतो. लहानपणी मठात आला आणि तो इथलाच होऊन गेला. अप्पांच्या अंघोळीचं पाणी तोच काढायचा, त्यांच्या खोकल्याचा काढा तोच उकळायचा. खोली त्याच्याकडे आली तेव्हापासून अप्पा त्याला कौतुकानं ‘मास्तर’ म्हणू लागले. अप्पा म्हणतात म्हटल्यावर सगळेच म्हणू लागले.

"दोष..." अप्पा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"मास्टरमधेच आहे तो."

अप्पांचा हात थांबला.

"मास्तरात?"

"मास्तर नव्हे अप्पा, मास्टर. एक मशीन आधी सगळं नीट बसवून तयार करायचं. ते मास्टर. मग त्याची जशीच्या तशी प्रत वायरीतून बाकीच्या सगळ्या मशिनांवर सोडायची. ती आपोआप बसते. माणसानं नुसतं बघत बसायचं."

"आणि मास्टरात काही घाण राहिली असली तर?"

"तीही सगळीकडं जाते."

"म्हणजे मास्तराच्या पोटात जे असंल, ते सगळ्या लेकरांत उतरतं म्हणायलास."

"मास्टर, अप्पा."

"तेच की."

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. नीलाक्का तिथं भाकरी थापत होती. दासोहाचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा, आणि मठात कुणालाही काहीही बोलायची मुभाही तिला एकटीलाच.

"मास्तरला आज मास्तरच सापडंना का!" ती आतूनच म्हणाली. "संगमेश असता तर गाणं म्हणत म्हणत केलं असतं. गुणाचं पोरगं."

मन्मथचं तोंड उतरलं.

हे नाव आलं की त्याचं असंच व्हायचं.

संगमेश बिदरकडचा. मागच्या वर्षी मठात आला, वर्षभर राहिला आणि नोकरी लागली तसा हैदराबादला गेला. आला तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी होती आणि तोंडात सारखं हसू. मन्मथ ज्या गोष्टीला दोन दिवस घालवायचा ती हा चहा पिता पिता करायचा, आणि वर म्हणायचा, "अण्णा, तुम्हीच शिकवलं की." ते तर मन्मथला जास्तच खुपायचं. तो गेला त्या दिवशी अप्पा काठी टेकत टेकत वेशीपर्यंत त्याला पोचवायला गेले होते. मन्मथला पोचवायला अप्पा कधी वेशीपर्यंत आले नव्हते.

तो गेल्यावर मन्मथनं खोली नव्यानं करायला घेतली. मशिनं मंद झाली आहेत, असं त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मास्टरसमोर बसल्यावर त्यानं पहिली वेचून काढली ती संगमेशची चीजवस्तू. त्याचे फोटो, त्याची गाणी, त्यानं मुलींसाठी केलेले छोटे छोटे खेळ. एका फाईलीचं नाव होतं ‘संगमेशची हाक’. मन्मथनं ती उघडून बघितली नाही. नाव वाचलं आणि पुसली. मग मास्टरची प्रत सगळ्या मशिनांवर सोडली. जुनं सगळं धुऊन गेलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलीसमोर, मशीन उघडलं की, पडद्यावर एक चौकट यायला लागली.

फाईल गेली होती, पण तिची नोंद राहिली होती. कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री म्हणून असते. मशीन जागं झालं की कुणाकुणाला हाक मारायची, ते तीत लिहिलेलं असतं. मन्मथला ते ठाऊक होतं. त्यानं ती ओळ शोधली, खोडली, प्रत पुन्हा सोडली. त्याच्या नावानं उघडलं तर सगळं साफ. मुलींच्या नावानं उघडलं तर चौकट हजर.

नुसतं दिसायला वाईट, एवढंच असतं तर त्यानं चालवून घेतलं असतं. पण उद्या परीक्षावाले खोली बघायला येणार होते, मुलींची परीक्षा इथंच घेता येईल का म्हणून. परीक्षेच्या पानावर दुसरी कुठली चौकट आली की ते पान आपोआप बंद व्हायचं. खोली पसंत पडली नाही तर परीक्षा तालुक्याला जाणार. तालुक्याला किती बाप आपल्या पोरी धाडतील, हे नीलाक्कासुद्धा बोटावर मोजून सांगू शकली असती.

आणि मन्मथच्या मनात याहून वेगळंच भय होतं. उद्या खोली नापसंत झाली की अप्पा एवढंच म्हणतील... संगमेशला बोलव.

अप्पांनी टोपली बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. दाखव मला."

खोलीत शिरल्यावर अप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले. नेमके संगमेश बसायचा त्या खुर्चीत.

मन्मथला ते टोचलं. एवढ्या खुर्च्या होत्या!

याच खोलीत, मागच्या उन्हाळ्यात, संगमेश आणि अप्पा एक अख्खी दुपार आतून कडी लावून बसले होते. मन्मथ काढा घेऊन आला तर दार बंद. आतून अप्पांचं हसणं ऐकू आलं. मग खोकला. मग पुन्हा हसणं. असं हसताना मन्मथनं अप्पांना कधी ऐकलं नव्हतं. त्याला कडी वाजवता आली असती. त्यानं वाजवली नाही. काढा हातात थंड झाला तेव्हा त्यानं तो बेलाच्या बुडाशी ओतला आणि निघून गेला. आत काय चाललं होतं, ते त्यानं पुढंही कुणाला विचारलं नाही. पोटात दुखणारा माणूस विचारत नाही, तो कान लावून बसतो.

"माझं नाव घाल," अप्पा म्हणाले.

"तुमचं?"

"पोरींच्या नावानं येतं म्हणालास. मग माझ्या नावानं काय येतं ते बघू."

मन्मथनं मास्टरवर नवं खातं काढलं. नाव लिहिलं, अप्पा. मशीननं थोडा वेळ घेतला. नव्या माणसासाठी ते सगळं नव्यानं मांडत असतं. पडदा निळा झाला, काळा झाला, उजळला.

आणि मधोमध चौकट आली.

"काय लिहिलंय? वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

मन्मथनं माऊस इकडं तिकडं फिरवला.

"वाच की."

"‘संगमेशची हाक’ सापडत नाही." मन्मथनं वाचलं. "नाव बरोबर लिहिलं आहे का ते पाहा, आणि पुन्हा प्रयत्न करा."

"हे माझ्या नावानं आलं?"

"हो."

"मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या वेळी मन्मथ हसला असता. आज त्याला वाटलं, बघा, यंत्रालासुद्धा कळलं. अप्पांचं नाव घातलं आणि आतून पहिली हाक निघाली ती संगमेशला. डोळ्यांत पाणी येईल की काय म्हणून तो उगीच वायरी चाचपू लागला.

"मन्मथा."

"जी."

"आता खोलीत ज्या नव्या पोरी आल्यात, त्यांनी संगमेशला बघितलंय?"

"नाही. तो गेल्यावर आल्या त्या."

"मग त्यांची मशिनं त्याला कशापायी हाका मारायलीत?"

"तेच कळंना, अप्पा. मी खोडलं. स्वतःच्या हातानं खोडलं."

"ठेवणाऱ्याला विचारलंस? बाबा, कुठं ठेवलंस म्हणून?"

मन्मथ वायर सोडेना.

"...नाही."

अप्पा खिडकीतून नदीकडं बघत बसले. त्यांना कुठं जायची घाई नव्हती. चौकटही जागच्या जागी उभी होती.

बाहेर नीलाक्काचा तवा उतरल्याचा आवाज आला. मुली गावागावांतून जमायला लागल्या होत्या. आधी दासोहाला बसतील, मग इकडं येतील. त्यांचा गलबला खोलीपर्यंत येत होता. उद्याच्या परीक्षावाल्यांचंच बोलणं चाललं होतं. कुणी म्हणत होती, माझा बाप म्हणतो इथंच असंल तर बस, तालुक्याला नाव काढू नको.

मन्मथनं ते ऐकलं. खिशातून फोन काढला आणि बाहेर पडला. पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला. अप्पांना ऐकू जाऊ नये इतक्या लांब.

"अण्णा!" पलीकडून गाड्यांच्या भोंग्यांतून आवाज आला. "तुमचा फोन? आज काय सूर्य मांजरेतून उगवला का? मठ जागेवर हाय ना?"

"आहे. एक विचारायचं होतं."

"विचारा की."

मन्मथनं सांगितलं. कमीत कमी शब्दांत. फाईल पुसली, हे मात्र सांगितलं नाही. चौकट येते, एवढंच सांगितलं.

"तुम्ही तुमच्या नावानं आत गेलाव की नाही?" संगमेश म्हणाला. "मग तुम्हाला तुमच्यापुरतंच दिसणार. मी ते तुमच्यात नुसतं चालतंय का बघण्यापुरतं ठेवलं होतं. खरं ठेवलंय नव्या माणसाच्या नमुन्यात. अण्णा, नवं लेकरू आलं की मशीन त्याला ज्या नमुन्यावरनं घडवतं ना, त्याची रजिस्ट्री वेगळी असते. ती आपली आपण उघडत नाही. बोलावून उघडावी लागते. तिथं बघा, पहिल्यालाच ओळ सापडंल."

मन्मथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं एवढे दिवस साफ केलं होतं ते आपलं स्वतःचं अंगण. ज्या साच्यातून लेकरं निघत होती, त्याला त्यानं हातच लावला नव्हता.

"कळलं," तो म्हणाला.

"अप्पा कसे आहेत? जवळ असले तर द्या की जरा. लई दिवस झाले."

मन्मथनं खोलीकडं पाहिलं. खिडकीत अप्पांचं पांढरं डोकं दिसत होतं.

"अप्पा पूजेत बसलेत."

"आता? दुपारचे?"

"...हो."

"असू द्या, असू द्या. शरणार्थ सांगा माझा. अण्णा, स्पीकर आले का हो खोलीत? मी होतो तेव्हा नव्हते."

"आले."

"मग ऐकली का ती हाक? काय म्हणाल्या पोरी?"

मन्मथनं फोन दुसऱ्या कानाला लावला. संगमेशला वाटलं, ऐकली असणार. तो आपला हसत सुटला.

"अहो, काय सांगू त्या दुपारचं! मी अप्पांना म्हटलं, पोरी मशीन उघडतील तेव्हा तुमचा आवाज यायला पाहिजे. ‘या लेकरांनो, बसा’, एवढंच म्हणायचं. अप्पा हो म्हणाले. मी माईक धरला. तर अप्पा म्हणाले, ‘मन्मथा, ये.’ म्हटलं, अप्पा, तसं नाही. ‘लेकरांनो’ म्हणायचं. हो हो म्हणाले. माईक धरला, की पुन्हा ‘मन्मथा, ये’! मी हसायचो, मग ते हसायचे, मग त्यांना खोकला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. कडी लावून घेतली, बाहेरचा आवाज नको म्हणून, तरी तेच. सगळी दुपार गेली अण्णा! शेवटी तेच ठेवलं मी. म्हटलं, राहू द्या. अप्पांच्या तोंडात दुसरं नावच बसत नाही."

गाड्यांचा आवाज आला आणि गेला.

"खरं सांगू का, अण्णा... हसलो खरा मी. पण त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. मी एवढं त्यांच्या मागं मागं करायचो. एकदा तरी चुकून ‘संगमेशा’ म्हणतील, असं वाटायचं मला."

मन्मथनं टाकीला हात टेकला.

"संगमेश."

"हां."

"त्या फाईलीची प्रत आहे का तुझ्याकडं?"

"माझ्याकडं कशाला असंल? मास्टरवरच हाय की. तुमच्यापाशीच."

मन्मथ खोलीत परत आला तेव्हा अप्पा तसेच बसले होते.

तो कामाला लागला. नव्या माणसाचा नमुना बोलावून उघडला. पहिल्याच ओळीत संगमेशचं नाव होतं. त्यानं ती ओळ खोडली. अप्पांचं खातं मोडून नव्यानं काढलं. पडदा निळा झाला, काळा झाला, उजळला. चौकट आली नाही. मुली जेवत होत्या तेवढ्यात त्यानं प्रत सगळ्या मशिनांवर सोडली आणि ती बसेपर्यंत उभाच राहिला. मग ओळीनं एकेक मशीन मुलींच्या नावानं उघडून पाहिलं.

कुठंच चौकट नाही. परीक्षेचं पान उघडलं, ते उघडंच राहिलं. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. खोली अगदी गप्प होती.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं. उद्याची काळजी नाही."

"मग तोंड असं का?"

मन्मथ मशिनांच्या दोन ओळींमधून चालत दारापर्यंत गेला. मुलींना आत बोलवायचं होतं. पण उंबऱ्यावर पोचल्यावर त्याचे पाय अडले. तो वळला आणि दोन्ही हात चौकटीला लावून तिथंच उभा राहिला.

"अप्पा, संगमेशनं शरणार्थ सांगितलाय."

"कधी?"

"आत्ता. त्याला बोलायचं होतं तुमच्याशी. मी... तुम्ही पूजेत आहात म्हणालो."

अप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. नुसती मान हलवली.

"ती फाईल मी पुसली, अप्पा. न ऐकता पुसली. तुमचा आवाज होता तीत."

"होता का? काय म्हटलं होतं मी?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"लई हसलो होतो, तेवढं आठवतं."

मन्मथनं काय म्हटलं होतं ते सांगायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. आपल्या तोंडानं आपल्याला कसं बोलवायचं?

त्याच्या पाठीमागं मुली येऊन थांबल्या होत्या. कुणाच्या हातात वही, कुणाचे हात अजून ओले. मास्तर दारात उभे म्हणून कुणी आत येईना. एक म्हणाली, "मास्तर, येऊ का?" त्याला ते ऐकूच गेलं नाही. त्याचे डोळे अप्पांवर होते.

"अप्पा," तो म्हणाला, "एकदाच पुन्हा म्हणा. मी जपून ठेवतो. पुसणार नाही. माझं नाव घेऊन ‘ये’ म्हणा... एवढंच."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं.

"म्हणतो की," ते म्हणाले. "आधी दारातनं बाजूला हो."